गोठ्याला गुण कशासाठी?

आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी पवित्र मिस्सा संपल्यावर आमच्या वेदीवरून एक सूचना वाचली जाते. शब्द दरवर्षी तेच असतात. "घरगुती नाताळ गोठा स्पर्धेत भाग घेऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांनी आपली नावे युवक मंडळाकडे द्यावीत. परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील." रायगडच्या किनाऱ्यावरील दोन धर्मग्रामांत मिळून गेली कित्येक वर्षे ही सूचना मी स्वतः वाचत आलो आहे. यंदा ती मी वाचणार नाही. धर्मग्राम समितीच्या सभेत मी हे सांगितले तेव्हा क्षणभर कोणी काही बोलेना. मग एका ज्येष्ठ सभासदाने अतिशय नम्रपणे विचारले, "फादर, निर्णय तुमचा. पण लोकांना काय सांगायचे?" लोकांना जे सांगायचे ते येथे लिहीत आहे.

आधी माझी कबुली. ही स्पर्धा कोणी माझ्यावर लादलेली नव्हती. ती मीच सुरू केली आणि चांगल्या हेतूने सुरू केली. घरोघरचे गोठे कमी होत चालले होते. दिवाणखान्यातील जो कोपरा पूर्वी डिसेंबर महिन्यात बाळ येशूसाठी रिकामा केला जाई, तेथे दूरचित्रवाणीचा संच कायमचा ठाण मांडून बसला होता. मुले पेंढ्याला हात लावायला तयार नव्हती. बक्षीस ठेवले तर मुले पुढे येतील, मुलांमागून आईवडील येतील आणि गोठा पुन्हा घरात येईल, असा माझा सरळ हिशेब होता. गोठे खरोखरच घरात आले. आता त्यांच्याबरोबर आणखी काय काय आले, त्याचा हिशेब मांडण्याची वेळ झाली आहे.

परीक्षणाची पद्धत सर्वांना ठाऊक आहे. एका तक्त्यावर चार रकाने असतात: कल्पकता, स्वच्छता, रोषणाई आणि संदेश. प्रत्येकी पंचवीस गुण. नाताळनंतरच्या दोन-तीन संध्याकाळी तीन परीक्षक घरोघर फिरतात. एका घराला पाच मिनिटे. आम्ही आत शिरलो की घरातील माणसे भिंतीला लागून उभी राहतात, जणू शाळा तपासायला अधिकारी आले आहेत. एकदा अशाच एका घरी आजीबाई हातात जपमाळ घेऊन पुढे आल्या. फादर घरी आले आहेत, तेव्हा गोठ्यापाशी दोन शब्द प्रार्थना व्हावी, एवढीच त्यांची इच्छा. त्यांचा दहा-बारा वर्षांचा नातू हलक्या आवाजात म्हणाला, "थांब गं आजी, आधी त्यांना मार्क देऊ दे." आजीबाई मागे सरल्या. मी मार्क दिले, पुढच्या घरी गेलो. त्या घरी त्या दिवशी प्रार्थना झाली नाही. त्या मुलाचा यात काहीच दोष नव्हता. गोठ्यापाशी प्रथम काय करायचे असते, हे त्याला मीच शिकवले होते.

बक्षीस आले की चढाओढ येते. आपला जिल्हा पेणच्या मूर्तिकारांचा. गणपतीची मखरे करणारे कसबी कारागीर येथे गावोगाव आहेत. सधन घरांनी त्यांना बोलावून गोठे करून घ्यायला सुरुवात केली. त्या कारागिरांच्या हाताला माझा नमस्कार आहे, काम मिळाले तर त्यांनी ते का करू नये? २०१८ साली राज्य शासनाने थर्माकोलच्या सजावटीवर बंदी घातली, तेव्हा आता तरी पेंढा परत येईल असे मला वाटले. पेंढ्याऐवजी फोम आला, मोटरीवर चालणारे कारंजे आले, रंग बदलणाऱ्या विजेच्या माळा आल्या. अशाच एका देखण्या गोठ्यापुढे मी घरातल्या धाकट्या मुलीला विचारले, "यातले तू काय केलेस?" ती म्हणाली, "आम्हांला हात लावायचा नाही. काका येऊन करून गेले." त्या गोठ्याला त्या वर्षी दुसरा क्रमांक मिळाला. ती गुणपत्रिका माझ्या हस्ताक्षरात आहे.

तरीसुद्धा एवढ्यावरून मी स्पर्धा बंद केली नसती. नियम बदलले असते, 'गोठा घरच्यांनीच केलेला असावा' अशी एक अट घातली असती. माझा निर्णय ज्या घराने केला, ते घर स्पर्धेच्या यादीत कधीच नव्हते.

जानेवारीच्या पहिल्या शुक्रवारी मी आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर देण्यासाठी फिरत होतो. सुपारीच्या वाडीच्या कडेला एक मावशी एकट्याच राहतात. गुडघ्यांनी साथ सोडल्यामुळे त्यांचे चर्चला येणे बंद झाले आहे. मुलगा मुंबईला नोकरीस, त्या नाताळला त्याला येणे जमले नव्हते. माझ्या स्कूटरचा आवाज ऐकून मावशी घाईघाईने उठल्या आणि कोपऱ्यातील टेबलावर त्यांनी एक चादर टाकली. ख्रिस्तशरीर देऊन झाल्यावर मी सहज विचारले, "मावशी, तिथे काय झाकले आहे?" त्या संकोचल्या. म्हणाल्या, "काही नाही, फादर. आमचा गोठा. तुम्हांला दाखवण्यासारखा नाही."

मी चादर उचलली. खाली एक सूप होते. त्यात मूठभर भाताचा पेंढा होता आणि पेंढ्यावर बाळ येशूची जुनी, एका हाताची बोटे झिजलेली मूर्ती. थंडी वाजू नये म्हणून की काय, मावशींनी आपल्या जुन्या पातळाचा तुकडा फाडून ती मूर्ती त्यात गुंडाळली होती. शेजारी एक पणती. बाकी मरिया नाही, योसेफ नाही, मेंढपाळ नाहीत. "ती जुनी होती, फुटली," मावशी म्हणाल्या.

वाचकहो, तान्ह्या बाळाला सुपात निजवण्याची आपल्याकडची रीत किती जुनी आहे हे तुम्ही जाणता. पवित्र मरियेने आपल्या बाळाला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत निजवले, असे संत लूक सांगतो. धाग्यादोऱ्यांची आणि दिव्यांची सारी आरास बाजूला केली तर त्या रात्रीचे जे उरते, ते सर्व त्या सुपात होते. इतक्या वर्षांच्या परीक्षणात बेथलेहेमच्या इतक्या जवळचा गोठा मी पाहिला नव्हता. आणि तो माझ्यापासून लपवला गेला होता! ज्या धर्मगुरूने येऊन त्यापुढे गुडघे टेकावेत, त्याचीच चाहूल लागताच एका भाविक स्त्रीला आपल्या तारणाऱ्यावर चादर टाकावीशी वाटली. तिला ही लाज कोणी शिकवली? त्या तक्त्याने शिकवली. त्या पाच मिनिटांनी शिकवली. आम्ही तिच्या दारावरून दरवर्षी पुढे गेलो, कारण तिचे नाव यादीत नव्हते.

माझा आक्षेप नेमका येथे आहे. स्पर्धेला एक पहिला लागतो, आणि पहिला ठरवायचा तर कोणाला तरी शेवटचा ठरवावे लागते. शर्यतीत ते चालते, वक्तृत्वात चालते. परंतु धर्मशाळेत जागा न मिळालेल्या एका जोडप्याची आठवण म्हणून आपण जे मांडतो, त्याच्या नावाने गावातील कोणा एकाला शेवटचे ठरवणे, हे त्या मांडणीलाच खोटे पाडणे आहे. ज्या घरी दाखवण्यासारखे काही नसते, तेच घर त्या पहिल्या रात्रीचे खरे यजमान होते.

गोठ्याचा इतिहासही हेच सांगतो. १२२३ सालच्या नाताळला असिसीच्या संत फ्रान्सिसने इटलीतील ग्रेच्चो या डोंगराळ गावी गव्हाण मांडली. त्याने काय मागवले? एक गव्हाण, गवत, एक बैल आणि एक गाढव. बैल आणि गाढव शुभवर्तमानातील जन्मकथेत नाहीत. आपल्या धन्याची गव्हाण ओळखणारी ही जनावरे यशया संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायातून गोठ्यात आली. फ्रान्सिसची इच्छा एवढीच होती की, त्या बालकाने सोसलेली गैरसोय डोळ्यांनी पाहावी. आसपासचे लोक मशाली घेऊन आले, गव्हाणीवर मिस्सा झाली आणि दीक्षित सेवक असलेल्या फ्रान्सिसने शुभवर्तमान गाऊन उपदेश केला. त्या रात्री ग्रेच्चोत प्रेक्षक म्हणून कोणी आले नव्हते. जे आले ते त्या प्रसंगातले झाले. पोप फ्रान्सिस यांनी १ डिसेंबर २०१९ रोजी त्याच ग्रेच्चोला जाऊन नाताळच्या गोठ्यावरील आपल्या पत्रावर सही केली. गोठा कसा मांडला आहे, दरवर्षी तोच आहे की नवा, याला महत्त्व नाही, तो आपल्या जीवनाशी बोलतो की नाही याला आहे, असा त्या पत्राचा भाव आहे. आमच्या तक्त्यावर या बोलण्यासाठी रकाना नव्हता. 'संदेश' नावाचा जो रकाना होता, त्यात आम्ही पुठ्ठ्यावर लिहिलेल्या घोषवाक्यांना गुण देत होतो.

आता विरोधी बाजूचे म्हणणे ऐकू या. ते हलके नाही.

पहिले म्हणणे असे की, स्पर्धा नसेल तर परंपरा मरेल. मला कोर्लईची आठवण होते. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेले हे गाव आपल्यापैकी अनेकांच्या सोयऱ्याधायऱ्यांचे. १७४० साली चौल-रेवदंड्याचा हा मुलूख पोर्तुगिजांच्या हातून गेला. त्यानंतर तेथील ख्रिस्ती शेतकऱ्यांच्या मुखातील पोर्तुगीज-मराठी मिश्रणाच्या बोलीला कोणता राजाश्रय उरला होता? बाजार मराठीचा आणि शाळाही मराठीचीच. तरीही जेमतेम हजारभर माणसांची ती बोली जवळजवळ पावणेतीनशे वर्षे घरात, चुलीपाशी, आईच्या मांडीवर जिवंत राहिली. क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाभ्यासकाने १९९६ साली तिच्यावर इंग्रजीत स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. हा ग्रंथ निघेपर्यंत ती बोली कोणत्या बक्षिसासाठी थांबली होती? आज तिला धोका आहे तो घरात बोलणे कमी होत असल्यामुळे. घरात रोज लागणारी गोष्टच टिकते. बक्षिसाने टिकवलेली गोष्ट बक्षिसाबरोबर जाते. मिक्सर मिळाल्याच्या पुढच्या वर्षी ज्या घरांनी गोठाच मांडला नाही, अशी तीन घरे मी मोजून दाखवू शकतो.

दुसरे म्हणणे मुलांच्या प्रोत्साहनाचे. मुलांना प्रोत्साहन हवे, याविषयी दुमत नाही. परंतु आगमनकाळात मातीच्या परळात नाचणी पेरून ती नाताळपर्यंत हिरवीगार उगवलेली पाहणे, हे मुलाला पुरेसे प्रोत्साहन नाही काय? रोज सकाळी उठून त्यावर पाणी शिंपडणाऱ्या मुलाला वाट पाहणे म्हणजे काय ते कळते, आणि आगमनकाळाचा सारा अर्थ वाट पाहण्यात आहे. नवरात्रात घटापाशी धान्य रुजत घालणाऱ्या आपल्या शेजाऱ्यांनाही हा आनंद ठाऊक आहे. चांदणी करण्यासाठी बांबूच्या कामट्या तासणे, खळ शिजवणे, पतंगी कागद चिकटवताना तो फाटणे आणि पुन्हा चिकटवणे, हे वडिलांच्या शेजारी बसून करण्याचे काम आहे. दिवाळीचा आकाशकंदील झाल्यावर उरलेल्या कामट्या शेजारच्या घरातून आमच्या घरी येत, त्यांतूनच आमची नाताळची चांदणी होई. ती नेहमी थोडी वाकडी असे. तिला कोणी गुण दिले असते तर तो वाकडेपणा माझ्या वडिलांच्या जिव्हारी लागला असता.

तिसरे म्हणणे निराळ्या दिशेने येते. काही सुशिक्षित मंडळी म्हणतात, "स्पर्धा राहू द्या, फक्त परदेशी झाड आणि परकीय थाट काढून टाका, गोठा देशी असू द्या." भारतीयीकरणाचा विचार मी सेमिनरीत असल्यापासून मानत आलो आहे. तथापि या बाबतीत घाव चुकीच्या जागी पडतो. 'नाताळ' हा शब्दच आपण पोर्तुगिजांकडून घेतला. आमच्या किनाऱ्यावर नाताळला ज्या सुरूची फांदी कुंडीत रोवली जाई, तो सुरूही मूळचा येथला नव्हे. बाहेरून आला आणि आमची वाळू धरून उभा राहिला. बाहेरून आलेले सर्वच परके राहत नाही. उलट देशी बांबूचा, देशी पेंढ्याचा गोठाही परीक्षकांसाठी मांडला की घरच्यांना परका होतो. झाड कोठून आले याची चौकशी करण्यापेक्षा ते कोणासाठी उभे केले आहे, ही चौकशी मला अधिक निकडीची वाटते.

स्पर्धेशिवाय काय होते, हे आपण सर्वांनी एका वर्षी प्रत्यक्ष पाहिले आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आदळले. काही तासांत नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या, सुरूची झाडे उन्मळून पडली, कौले आणि पत्रे उडाले. त्यात करोनाची साथ. त्या नाताळला चर्चमधील गर्दीवर निर्बंध होते, परीक्षकांना घरोघर पाठवणे शक्यच नव्हते, म्हणून स्पर्धा झाली नाही. गोठे होणार नाहीत असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात आजाऱ्यांच्या भेटीला गेलो तेव्हा घराघरांत गोठे दिसले. पडलेल्या पोफळीच्या झावळ्यांचे छप्पर, फुटक्या कौलांची भिंत. एका घरी तर छपरावर महिनोन्महिने बांधलेल्या निळ्या ताडपत्रीचा उरलेला तुकडा आकाश म्हणून लावला होता. त्या घराच्या कर्त्या पुरुषाने मला सांगितले, "फादर, जून महिन्यात आम्हीपण गोठ्यातच होतो." मी त्या गोठ्यापुढे बसलो. खिशात पेन्सिल नव्हती, म्हणूनच बसलो. तरीही २०२२ च्या नाताळला मी स्पर्धा पुन्हा सुरू केली! माणसाची स्मरणशक्ती किती आखूड असते, याचे दुसरे उदाहरण शोधायला मला दूर जावे लागत नाही.

तर मग यंदा काय? स्पर्धा रद्द करून नुसती पोकळी ठेवणे हा आळस होईल. म्हणून चार गोष्टी सुचवतो.

आगमनकाळाच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक घराने परळात नाचणी पेरावी. ती हवी तेवढी चर्चच्या कार्यालयातून विनामूल्य मिळेल. बक्षिसांसाठी जमलेली रक्कम तिच्यासाठी आणि जी घरे करंज्यांचे पीठ-गूळ आणू शकत नाहीत त्यांच्यासाठी खर्च होईल. त्या घरांची यादी जाहीर होणार नाही.

गव्हाण २४ डिसेंबरच्या रात्रीपर्यंत रिकामी असावी. त्या रात्री घरातील सर्वांत धाकट्या मुलाने बाळ येशूला तीत ठेवावे आणि सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीने प्रार्थना सांगावी. ज्यांच्या घरी वाचणारे कोणी असेल, त्यांनी फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणातील ख्रिस्तजन्माच्या चार ओव्या म्हणाव्यात. १६१६ साली गोव्यातील राशोल येथे छापून झालेला हा ग्रंथ आपल्या मराठीत आहे. तो अभ्यासकांच्या कपाटात शोभतो, त्याहून अधिक तो गोठ्यापाशी शोभेल.

नाताळच्या फराळाचे ताट शेजारी पाठवण्याची रीत आपल्याकडे आहे. गोव्यात ती आहे आणि मंगळुरात 'कुस्वार' या नावाने आहे. यंदा ते ताट प्रथम अशा दारी न्यावे, जेथून परत ताट येण्याची शक्यता नाही.

चौथी गोष्ट माझ्यासाठी. नाताळनंतरच्या त्याच संध्याकाळी मी घरोघर येणार आहे. तक्ता नसेल, सोबत परीक्षक नसतील, छायाचित्रकारही नसेल. सुरुवात ज्या घरी गोठा नाही तेथून करीन. पाच मिनिटांत उठणार नाही. त्यामुळे सर्व घरे तीन संध्याकाळी होणार नाहीत, कदाचित प्रभूच्या प्रकटीकरणाचा सण उलटून जाईल. ते चालेल. तीन ज्ञानी पुरुषदेखील उशिराच पोहोचले होते.

युवक मंडळाच्या मुलांनो, तुम्ही माझ्यावर नाराज आहात हे मी जाणतो. स्पर्धेसाठी तुम्ही खूप राबलात. तुमच्या उत्साहाला मी नाकारत नाही, त्याला काम देतो. ज्यांचे हात चालत नाहीत, ज्यांची मुले दूर आहेत, अशा घरी जाऊन तुम्ही कामट्या बांधा, पेंढा घाला, मग त्यांच्या शेजारी बसा आणि ते सांगतील त्या जुन्या नाताळांच्या गोष्टी ऐका. त्या गोष्टी आणखी दहा वर्षांनी सांगायला कोणी नसेल.

मावशींकडे मी स्वतः जाणार आहे. त्यांना नवी मरिया आणि नवा योसेफ आणून द्यावेत असे प्रथम मनात आले होते. मग वाटले, त्या सुपाला आता सुधारणारा मी कोण? मी फक्त एवढेच सांगून ठेवले आहे की, यंदा माझ्या स्कूटरचा आवाज आला की त्यांनी चादर शोधू नये. जपमाळ शोधावी.